पूस धरणाएवढा समुद्र

समुद्राविषयी इतक्या अधिकाराने आणि इतके चुकीचे लिहिणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. यवतमाळच्या आमच्या दैनिकात ते मुद्रितशोधक होते. बातमीतली चूक त्यांना सहन होत नसे; कळंबच्या देवळाच्या पायऱ्यांचा आकडा बरोबर आहे का, हे पाहायला ते सुटीच्या दिवशी बसने जाऊन पायऱ्या मोजून आले होते. हाच माणूस रविवारच्या पुरवणीत ‘वाघीण’ नावाच्या चाच्यांच्या जहाजाची कथा क्रमशः लिहीत असे, आणि त्याने आयुष्यात पाहिलेले सर्वांत मोठे पाणी पूस धरणाचे होते. त्यामुळे त्यांच्या समुद्राला पलीकडचा काठ होता. तिथे चाचे धोतरे धूत आणि तहान लागली की ओंजळीने तेच पाणी पीत. ते कापसाच्या गाठी लुटत आणि लुटून झाल्यावर मालकाला चोख भाव देऊन जात. त्या वर्षांत कापसाला भाव मिळाल्याचे आमच्या अंकात एवढेच छापून येई.

पाण्याची चूक पकडली ती महागावकडच्या बंजारा तांड्यातल्या एका म्हाताऱ्या नाईकांनी. अंकाची घडी घेऊन ते कार्यालयात आले. “काकाजी, तुमचे चाचे समुद्राचं पाणी कसे पेतेत? खारं असते ते. आमचे पणजे बैलांवर तिथूनच तर मीठ आणत.” काकाजींचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी चौकटीत शुद्धिपत्र आले : ‘खलाशी समुद्राचे पाणी प्याले, असे गेल्या अंकात छापले गेले. ते पाणी पिंपातले होते.’ मग त्यांनी भूगोलाचे पुस्तक मिळवून वाचले, आणि समुद्राला पलीकडचा काठ नसतो हेही त्यांना कळले. दुसरे शुद्धिपत्र त्यांनी लिहायला घेतले.

तेवढ्यात पुरवणीची पाने कमी करायचे ठरले. संपादक म्हणाले, “या रविवारी जहाज बुडवा, काकाजी. वादळ आणा, काहीही करा.”

काकाजी तीन दिवस कोऱ्या कागदापुढे बसून होते. नाईक आले.

“बुडवता काय जहाज?”

“हुकूम आहे.”

“माणसं किती जहाजावर?”

“बेचाळीस. अन् एक बकरी.”

“बकरीचं नाही सांगतलं कधी.”

“जागा पुरली नाही.”

नाईक म्हणाले, “पलीकडं काठ आहे ना तुमच्या समुद्राले? मंग कायले बुडवता?”

ते गेल्यावर मी म्हणालो, “बुडवून टाका. खोटेच तर आहे सगळे.”

“पहिल्या पानाचे प्रूफ मीच पाहून राह्यलो ना,” काकाजी म्हणाले. “जीव देलेल्या कास्तकाराच्या नावातली वेलांटी सुधरवता येते मले. माणूस नाही.”

शेवटच्या भागात वादळ आले, डोलकाठी मोडली, बकरी घाबरली. अखेरचे वाक्य असे होते : ‘अंक छपाईला जाईपर्यंत हाती आलेल्या वृत्तानुसार जहाज तरंगत असून पलीकडचा काठ दिसू लागला आहे.’

काकाजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचा खण रिकामा करताना मला ते दुसरे, काठाचे शुद्धिपत्र सापडले. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. वर तांबड्या शाईने, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले होते : छापू नये.