अनयाचं वाक्य

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात खानझोड्यांच्या अनयाला सगळे ‘शांत मुलगी’ म्हणत. शांत कसली! पोरीच्या डोक्यात अखंड काहीतरी चालू असे. फक्त बोलताना तिचा शब्द अडायचा. मान जराशी वर व्हायची, ओठ थबकायचे, आणि पुढचं सगळं समोरचा माणूस किती थांबतो यावर ठरायचं. बहुतेक माणसं थांबत नसत. आणि सगळ्यांत कमी थांबे तो तिचा बाप.

गुरुदत्त खानझोडे माणूस वाईट मुळीच नव्हता. नागपूरहून आलेला, आयटीतला, लेकीवर जीव ओवाळून टाकणारा. तिचा शब्द अडला की हा चटकन तिचं वाक्य पुरं करून टाकायचा. रेस्टॉरंटमध्ये तिला काय खायचंय, डॉक्टरकडे तिला कुठे दुखतंय, सगळं हाच सांगे. बायकोनं, वीणानं, किती वेळा टोकलं, पण आपण पोरीला मदत करतोय अशी त्याची ठाम समजूत होती.

मंडळाची एक प्रथा आहे. गणपतीत आरती झाली की शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना स्टेजवर बोलावतात आणि पुढे काय करणार ते माइकवर सांगायला लावतात. मोठी माणसं याला कौतुक म्हणतात. मुलांना विचाराल तर ही शुद्ध शिक्षा आहे. सप्टेंबरात अनयाच्या हातात माइक आला. “मला...” इतकं म्हणून ती अडली. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून गुरुदत्तनं एका बड्या युनिव्हर्सिटीचं नाव खणखणीत आवाजात सांगून टाकलं आणि वर “अर्ली डिसिजन!” हेही जोडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या सेक्रेटरी सुवर्णाकाकूंनी तिथल्या तिथे पेढ्यांची ऑर्डर दिली. अनयानं माइक ठेवला आणि ती खाली उतरली.

अर्ली डिसिजन म्हणजे इतरांच्या आधी, एकाच कॉलेजला अर्ज करायचा. त्यांनी घेतलं की तिथेच जायचं, मग माघार नाही. त्यावर आईबापाचीही सही लागते. अशानं चान्स वाढतो, म्हणून आपले लोक त्यावर तुटून पडतात. पोरीच्या आयुष्याची चार वर्षं या एका अर्जावर लागलेली होती, आणि ती कुठे घालवायची हे तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

ऑक्टोबरात तिघं ती बडी युनिव्हर्सिटी बघून आले. गुरुदत्तनं प्रत्येक दगडी कमानीखाली फोटो काढले, आणि अंगात युनिव्हर्सिटीचा स्वेटशर्ट चढवूनच गाडी परत फिरवली. वाटेत अनया म्हणाली, “बाबा, अजून एक कॉलेज आहे. ऑन द वे. मी प्रोफेसरांना ईमेल केलाय. वी कॅन सिट इन अ क्लास.”

“ऑन द वे कुठे, बेटा? दोन तास आडवाटेला आहे ते! आणि नाव तरी कुणी ऐकलंय का त्याचं?”

“मी ऐकलंय,” अनया म्हणाली. हे मात्र न अडखळता.

डोंगरातलं ते लहानसं कॉलेज. विषय भूशास्त्र. अनयाला दगडांचं वेड लहानपणापासूनचं, गॅरेजमधला एक अख्खा कोपरा तिनं दगडांनी भरून टाकलेला. एका मोठ्या टेबलाभोवती दहाबारा मुलं बसली होती. प्रोफेसरबाईंनी आईबापांनाही मागे बसा म्हटलं आणि एक दगड फिरवायला दिला. जवळच्याच डोंगरमाथ्यावर सापडलेला वालुकाश्म होता तो, पाठीवर बारीक बारीक लहरी उमटलेल्या. या लहरी कशामुळे, असा प्रश्न होता.

एका मुलानं वारा म्हटलं. अनयानं दगड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, बोटानं चाचपला आणि बोलायला तोंड उघडलं. शब्द अडला. मान वर गेली.

गुरुदत्तच्या जिभेवर उत्तर तयार होतं. नदी! वाहत्या पाण्याच्या लहरी, दुसरं काय असणार? तो खुर्चीत पुढे सरकला, तोच वीणानं त्याच्या मनगटावर हात घट्ट दाबला. म्हणून तो गप्प बसला आणि म्हणून त्याला पुढचं दिसलं. टेबलाभोवतीच्या एकाही मुलानं फोन काढला नाही. कुणी कीव केल्यासारखं हसलं नाही. बाई हातातला खडू तसाच धरून, अगदी निवांत, तिच्याकडे बघत राहिल्या, जणू त्यांना आज दुसरं काही कामच नव्हतं.

आणि मग अनया बोलली. नदी नव्हे. लहरीचा उतार दोन्ही बाजूंनी सारखा आहे, म्हणजे पाणी एकाच दिशेनं वाहत नव्हतं, येत-जात होतं. या लाटा आहेत. हा डोंगर कधीतरी समुद्रकिनारा होता.

“एक्झॅक्टली,” बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. गुरुदत्त मात्र मागच्या मागे खुर्चीत टेकला. आपण मध्ये बोललो असतो तर तिच्या तोंडी चुकीचं उत्तर गेलं असतं. मग आजवर तिची म्हणून पुरी केलेली सगळी वाक्यं? त्यांतली तिची किती आणि आपली किती? त्याला भयंकर लाज वाटली.

परतीच्या वाटेवर त्यानं विचारलं, “बेटा, त्या दिवशी स्टेजवर तू काय म्हणणार होतीस?” आणि आयुष्यात पहिल्यांदा तो थांबला. डोंगर मागे पडले, पेट्रोल पंप गेला, वीणाचा डोळा लागला. शेवटी मागच्या सीटवरून आवाज आला. “मला अजून माहीत नाही, असं. बट नाउ आय नो.” त्यानं मान हलवली. घरी पोचल्यावर सही केली, ती तिनं सांगितलेल्या कॉलेजच्या नावाखाली.

संक्रांतीच्या कार्यक्रमात सुवर्णाकाकूंनी ॲडमिशन मिळालेल्या मुलांना पुन्हा स्टेजवर बोलावलं. अनया माइकपाशी आली. “मला...” पुढचा शब्द अडला. सवयीनं सगळा हॉल गुरुदत्तकडे वळला. त्यानं तिळाचा अख्खा लाडू तोंडात कोंबला.

“अगं, कुठलं कॉलेज म्हणालीस? ते—” सुवर्णाकाकू मदतीला धावल्या. गुरुदत्त उठून उभा राहिला. भरल्या तोंडानं बोलता येईना, तेव्हा त्यानं नुसता हात वर केला. काकू थांबल्या, मग हॉलही थांबला.

अनयानं बापाकडे पाहिलं, श्वास घेतला आणि त्या लहानशा, कुणीही न ऐकलेल्या कॉलेजचं लांबलचक नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः म्हटलं.