बायकी टाके

पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात बाईंना पाठीमागे सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत. सोळा-सोळा पानांच्या घड्या एकत्र आणून दोऱ्याने शिवणे, हे त्यांचे काम. बावीस वर्षांत त्यांचा एक टाका ओळ सोडून गेला नव्हता. समोरच्या टेबलाशी त्यांचा धाकटा दीर तेच काम करी. सुई धरायला त्याला बाईंनीच शिकवले होते. तरीही पगारपत्रकात तो ‘कारागीर’ आणि बाई ‘मदतनीस’. त्या एका शब्दापायी बाईंना त्याच्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी मिळे.

समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा बाईंनी कलमवार वाचून काढला व कामगार कचेरीत रीतसर अर्ज केला. तो एकदा समास अपुरा म्हणून परत आला, एकदा समास जास्त म्हणून. तिसऱ्या खेपेला कळले की, तेच काम करणाऱ्या पुरुषाचा लेखी जबाब हवा.

“भाऊजी, सही करा,” बाई जेवताना म्हणाल्या.

“मालक माझाच पगार उतरवेल, वहिनी.”

“उतरवता येत नाही. कलम वाचून दाखवलंय तुम्हाला. दोनदा.”

“मालकाला दाखवलंय का?”

“बरं, आपलं काम एकच आहे, एवढं तरी मान्य?”

“तसं एकच. पण पुरुषाच्या हाताला वजन असतं.”

बाईंनी त्याला वाढायला उचललेला चमचा भांड्यात परत ठेवला.

आठवड्याने अर्जाच्या चौकशीसाठी कचेरीचे तपासनीस कारखान्यात आले. “दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे, साहेब,” मालक म्हणाला. “मी डोळे मिटून ओळखेन.”

“उघडे ठेवून ओळखा,” असे म्हणून तपासनिसांनी दीर-भावजयीने शिवलेली, पुठ्ठे न चढवलेली दहा पुस्तके टेबलावर मांडली.

सदोष पुस्तक ज्याचे त्याच्याकडे परत यावे, म्हणून प्रत्येक जण शेवटच्या घडीच्या आत पेन्सिलीने खूण करी. बाईंची फुली, दिराचे वर्तुळ. जन्मात सुई न धरलेल्या मालकाला हे ठाऊकच नव्हते. त्याने पाच पुस्तके उजवीकडे सारली. “हा पुरुषी हात. आणि हे बघा बायकी टाके. दोरा ढिला, गाठ वर आलेली. माझा कारागीर असलं काम करून ताठ मानेने घरी गेला नसता.”

बाईंच्या सांगण्यावरून तपासनिसांनी शेवटच्या घड्या उघडल्या. उजवीकडे चार फुल्या, एक वर्तुळ. डावीकडे चार वर्तुळे, एक फुली.

दिराचे कान लाल झाले. “बायकी?” तो मालकाला म्हणाला. “बायकी म्हणता मला?” मग तपासनिसांकडे वळून, “साहेब, तो कागद द्या इकडे.”

दोघांचे काम एकच असल्याच्या जबाबावर त्याने फर्रकन सही ठोकली. बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना भिंतीवर डोके आपटावेसे वाटले. बावीस वर्षांच्या अन्यायाने जो हात हलला नाही, तो एका टोमण्याने हलला.

“ही सही माझ्यासाठी केलीत, की तुमच्या टाक्यांसाठी?”

“झाली ना, वहिनी? मग?”

“समासात केलीत,” बाई म्हणाल्या. त्यांनी दुसरा कागद काढला, पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्याच्यापुढे सरकवला. “या रेघेवर.”

चौथ्या महिन्यात पगारपत्रकावर बाईंच्या नावापुढे ‘कारागीर’ हा शब्द आला आणि पगारही दिराइतका झाला. मागील फरकासाठी मात्र, कचेरीने कळवले, निराळा अर्ज करावा लागेल. समास किती सोडायचा, हे बाईंनी या वेळी आधी लेखी विचारून घेतले.