तक्क्यावरची पिलेथची लढाई

२२ जून १४०२ रोजी वेल्समधल्या पिलेथ गावाजवळच्या टेकडीवर, इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेल्या वेल्श बंडखोरांनी इंग्रज सैन्याचा पराभव केला. आमच्या शेजारच्या काकांइतक्या वेळा ही लढाई जगात कुणी लढलेलं नाही, आणि इतकी चुकीची तर नाहीच.

काका बँकेतून निवृत्त झाले. वेल्स त्यांनी पाहिलेलं नाही. तरी सीताबर्डीच्या बाजारात भाजीवाल्याला ते वेल्स समजावतात, "तिकडचा विदर्भच समज गा." संध्याकाळी गॅलरीत तक्क्या आडवा पडतो, ती टेकडी. भिवापुरी मिरच्या म्हणजे वेल्श, सोललेला लसूण म्हणजे इंग्रज. लढाई संपली की दोन्ही सैन्यं ठेच्यात जातात आणि वाटीभर आमच्याही घरी येतात. काका लसूण हमखास टेकडीच्या माथ्यावर मांडतात. समोर बसलेल्या काकूंनी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. त्या म्हणतात, "काय करून राहिले तुम्ही? लसूण खाली ठेवा. चढून आले होते ते."

"हो का? मले वाटलं, उतरून आले."

दुसऱ्या दिवशी लसूण पुन्हा माथ्यावर. एकदा न राहवून मीच म्हणालो, "काका, इंग्रज खाली होते." त्यांनी मला जिन्यात ओढलं.

"मले मालूम नाही का? तू काहून बोलला गा? तिले बोलू दे ना. डॉक्टर म्हणते, तिनं जे शिकवलं त्याच्यावर बोलतं ठेवा. सकाळी पोरीचं नाव नाही आठवलं तिले."

या उन्हाळ्यात काकू गप्प राहू लागल्या. काकांनी चुका वाढवल्या. एकदा तर वांग्यांचे हत्ती उतरवले. काकू नुसत्या बघत राहिल्या.

काल मांडणी अशीच चुकीची होती. चहा निवून गेला. मग काकूंनी काही मिरच्या उचलून लसणात मिसळल्या आणि एकेकीचं टोक लसणाकडे वळवलं.

"सर, हे आपलेच. त्यांच्या फौजेत होते. आता फिरतात."

सर त्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांना म्हणत, नवऱ्याला कधीच नाही. मिरच्यांचं हेही पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर तपासलं. इंग्रज सैन्यातले वेल्श तिरंदाज ऐन लढाईत उलटले होते. मी मान हलवली.

"बरोबर, मॅडम," काका म्हणाले.