डोक्यापुरती वीज

नाशिकरोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या तोंडाला सगळे टरकून असत. दूधवाला, भंगारवाला, वरच्या गॅलरीतून आमच्या वाळवणावर पाणी सांडणाऱ्या बाई, कुणाची म्हणून मी भीड ठेवली नाही. सासूबाई तर येईल त्याला सांगायच्या, "हिच्या जिभेला हाड म्हणून नाही." त्यामुळे मी गप्प झाले तेव्हा सुरुवातीला सगळ्यांना बरंच वाटलं असणार.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कारण विचाराल तर काहीही नव्हतं. मिस्टर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला, मुलगी हॉस्टेलवर शिकत होती. तरी सकाळी डोळे उघडले की वाटायचं, अरे देवा, पुन्हा उजाडलं! कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या, पण उठून गॅस बंद करवत नसे. कंटाळा म्हणावा तर तोही नव्हे. कंटाळलेल्या माणसाला निदान दुसरं काहीतरी हवं असतं, मला काहीच नको होतं. एकदा भाजीवाल्यानं किडकी वांगी गळ्यात मारली आणि मी ती निमूट घरी आणली. वांगी चिरता चिरता सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा घाबरल्या.

गोळ्या झाल्या, बदलून झाल्या. "मन रमव गं कशात तरी" असं सांगणाऱ्यांची तर रीघ लागली होती. रमवायला आधी ते जागेवर नको का? शेवटी डॉक्टर म्हणाले, शहरात एका दवाखान्यात चुंबकाचं नवीन यंत्र आलंय. शॉक नाही, भूल नाही. डोक्याला कॉइल लावायची आणि बाहेरूनच मेंदूला चालना द्यायची. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. हे म्हणाले, "करून बघू." मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायलाही ताकद लागते.

मग रविवार सोडून रोजची फेरी. हे पहिली पाळी करून यायचे, चार घास खायचे आणि मला रिक्षात बसवायचे. यंत्राजवळ धातू चालत नाही, म्हणून कानातलं, चमकी, केसांतल्या पिना सगळं काढायचं. ते हे रुमालात बांधून खिशात ठेवायचे. सिस्टर मला टोपी घालायच्या, कॉइल नेमक्या जागी आणायच्या, आणि मग टक टक टक टक. शेजारणीनं भिंतीत खिळा ठोकावा तसं. फक्त भिंत म्हणजे मी. परतताना हे विचारायचे, "काही फरक?" मी म्हणायची, "आहे थोडा." तो नव्हता, हे त्यांनाही कळायचं. मग आम्ही दोघंही रस्ता बघत बसायचो.

त्यात उन्हाळ्यात भारनियमन वाढलं. दवाखान्यातल्या इन्व्हर्टरवर पंखा चालायचा, यंत्र नाही. एका दुपारी टक टक नुकतं सुरू झालं आणि लाइट गेली. सिस्टर म्हणाल्या, "आजचं राहू द्या, उद्या या." हे मुकाट्यानं उठले आणि म्हणाले, "चला."

त्या 'चला'नं काय केलं देव जाणे. मी टोपीसकट ओरडले, "चला काय चला? जन्मभर वीज बनवता ना हो तिकडे? अख्ख्या महाराष्ट्राला पुरवता आणि बायकोच्या डोक्यापुरती मिळेना होय? आणि तो रुमाल द्या इकडे, माझी चमकी हरवून बसाल!"

डॉक्टर धावत दाराशी आले. मला वाटलं, आता हे चिडणार. पण हे मटकन खाली बसले आणि हसता हसता रडायला लागले. "अजून बोल," म्हणाले, "थांबू नकोस." पण माझ्यात पुढचं वाक्य नव्हतं, नुसती धाप लागली होती. राग मात्र आला होता. खराखुरा, माझा स्वतःचा राग.

त्या दिवसापासून मी ठणठणीत झाले असं मुळीच नाही. पुढे कितीतरी फेऱ्या मारल्या, मधे पुन्हा वाईट दिवसही आले, आणि गुण नक्की कशाचा हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही.

पण त्या संध्याकाळी घरात पाऊल टाकताच हे म्हणाले, "आई, आज ही माझ्यावर खेकसली. चारचौघांत!"

सासूबाई तडक आत गेल्या. त्यांनी देवापुढे साखर ठेवली, बाहेर येऊन चिमूटभर माझ्या हातावर दिली आणि हात तसाच धरून ठेवला.

"मलाही बोल की काहीतरी," त्या म्हणाल्या.

"आज फार दमलेय हो आई," मी म्हटलं. "उद्या नक्की बोलते."