राऊटर, प्रिंटर आणि अप्पांचा खांदा

गेल्या सोमवारी माजलगावच्या आमच्या घरात राऊटर आणि प्रिंटर एकाच दिवशी आले. दोन्ही अप्पांसाठी. दीड महिन्यापूर्वी वडिलांना, म्हणजे अप्पांना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं... राहिला तो एकच शब्द, 'हां'.

चहा हवाय का? हां. झोपायचंय का? हां. दुखतंय का? हां. नाही म्हणायचं असलं तरी हां, आणि मग आपल्याच शब्दावर चिडून डोळे मिटून घ्यायचे. साठ वर्षं भुसार बाजारात ज्यांचा आवाज चार दुकानं पलीकडे जायचा, त्यांचं हे असं...

स्पीच थेरपिस्ट औरंगाबादला. त्या म्हणाल्या, चित्रांची कार्डं मेल करते. छापून त्यांच्यापुढे ठेवा, डाव्या हातानं बोट ठेवतील. आम्ही लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन अप्पा अजूनही रोज पूजा करतात, त्यामुळे त्या हाताची काळजी नव्हती.

कॉम्प्युटर वरच्या खोलीत. फोनची लाईन खाली, अप्पांच्या खाटेजवळ, म्हणून राऊटरही तिथेच. राऊटरला मागे यूएसबीची जागा होती. प्रिंटरची वायर तिथे लावली की वरून आज्ञा द्यायची आणि खाली अप्पांजवळ कागद निघणार. सोमवारी टेस्ट पेज सुरेख निघालं. मी ते उगाचच बायकोला, सुनंदाला, नेऊन दाखवलं.

मंगळवारी कार्डांचा मेल आला आणि प्रिंटर गायब. कागद, शाई, वायर, सगळं जागेवर. फक्त वरच्या कॉम्प्युटरला तो दिसेना. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, फायरवॉल बंद केली, नव्या वायरीसाठी बीडला जाऊन आलो. बुधवार गेला, गुरुवार गेला...

सुनंदा म्हणाली, "अहो, ते प्रिंटर उचलून वर न्या की. दोन मिन्टाचं काम हाय."

"आज नेला, मग पुढच्या आठवड्यात? दर आठवड्याला नवी कार्डं येणार आहेत. एकदा सिस्टिम नीट लागू दे."

"लागू द्या. अप्पा बसलेत वाट बघत. त्यान्ला काय घाई हाय?"

हा टोमणा मला कळला होता. कळूनही मी नेला नाही. का नेला नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. सोय हे एक कारण खरं होतं... पण यंत्रापुढे हरायचं नव्हतं, हे त्याहून खरं.

हेल्पलाईनवर फोन कुणीही उचलो, पहिला प्रश्न तोच असायचा. राऊटर बंद करून चालू केला का? मी प्रामाणिकपणे सांगायचो, "आमच्याकडे दिवसातून दोनदा लोडशेडिंग असतं. तो आपोआपच बंद-चालू होतो." एकदा तर खात्रीसाठी घराचं मेन स्विच पाडून तीस सेकंद मोजले होते.

शनिवारी सकाळी लाईट गेली असताना पुन्हा फोन लावला. अप्पांच्या खाटेवर बसूनच बोलत होतो. राऊटर आत्ता बंद आहे का, हेल्पलाईनवाल्यानं विचारलं. म्हटलं, "हो, बंदच आहे. लाईटच नाहीये."

सुनंदा अप्पांना पेज भरवत होती. चमचा हातात तसाच धरून म्हणाली, "लाईट न्हाई म्हनता, मंग ते हिरवं कावून लुकलुकतंय?"

मी बघितलं. राऊटरचा दिवा. अप्पांच्या डोक्यावरचा पंखाही फिरत होता... पंखा बंद पडू नये म्हणून मीच वायरमनकडून तो बोर्ड इन्व्हर्टरवर घेतला होता. राऊटर त्याच बोर्डावर. प्रिंटरचा भार इन्व्हर्टरला नको म्हणून तो दुसऱ्या बोर्डावर.

म्हणजे लाईट गेली की प्रिंटर मरायचा आणि राऊटर मात्र जागा. लाईट परत आली तरी तो प्रिंटरला ओळखायला तयार नाही. आणि मी चार दिवस, तीन वेगवेगळ्या माणसांना, पूर्ण खात्रीनं खोटं सांगत होतो.

लाईट आल्यावर आधी प्रिंटर चालू केला, मग राऊटरची पिन उपसून पुन्हा खोचली. कार्डं निघाली. पाणी, चहा, संडास, पंखा, झोप, दुखतंय... सुनंदानं कापली आणि अप्पांपुढे चादरीवर मांडली.

अप्पांनी डावा हात पुढे केला. बोट पाण्यावरून गेलं, चहावरून गेलं. 'दुखतंय'वर थांबलं आणि तिथेच दाबून राहिलं.

"कुठं अप्पा?"

डावा हात सावकाश उठला आणि उजव्या खांद्यावर गेला.

उजवा दंड धरून मी त्यांना रोज उठवत होतो. संडासला नेताना, जेवायला बसवताना, कपडे बदलताना... दरवेळी विचारायचो, नीट धरलंय ना? अप्पा म्हणायचे, हां.

बोलावल्यावर फिजिओथेरपिस्ट त्याच संध्याकाळी येऊन गेले. म्हणाले, खांदा जागेवरून सरकलाय, लुळा हात असा ओढायचा नसतो. दीड महिना मला माहीत नव्हतं, त्याचं काय करणार... पण शेवटचे चार दिवस? मंगळवारीच कार्डं हातात असती तर?

आता कमरेला पट्टा बांधून उठवतो. काल उठवताना सवयीनं माझा हात पुन्हा त्या दंडाकडे गेला. अप्पांनी माझ्या हाताकडे बघितलं.

मी हात मागे घेतला. एवढं तरी आता न छापता कळायला लागलंय...