बॅटरीचं पाणी

एका माणसावरचा राग मी लोणच्यासारखा मुरवत ठेवला आहे. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. आमच्याकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात, आणि त्या वर्षी तिच्यात पाणीच नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझे गाईड. त्यांच्या प्रयोगशाळेत मी पीएचडी करत होते, विषय रक्ताचा कॅन्सर. विषय आधी घेतला, रोग नंतर घरी आला. आईला निदान झालं तेव्हा मी तिला गावाकडून, पिशोरहून, शहरात गारखेड्यातल्या माझ्या खोलीवर आणलं.

मी दिवसभर काय करते ते तिला समजून घ्यायचं असायचं. मी सांगितलं, प्रत्येक पेशीत जनुकं सारखीच असतात, कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं बंद एवढाच फरक. जनुकांच्या गुंडाळीवर बारीक रासायनिक खुणा असतात. एक प्रथिन त्या खुणा वाचतं, तिथं जाऊन बसतं, की ते जनुक चालू होतं. कॅन्सरमध्ये हे वाचणारं प्रथिन पेशी वाढवणाऱ्या जनुकांपाशी ठाण मांडतं आणि उठतच नाही.

"म्हंजे आपला नळाला पाणी सोडणारा व्हॉल्ववाला की गं," आई म्हणाली. "खूण बघायची अन् चावी फिरवायची. नगरसेवकाच्या गल्लीची फिरवली की बंद करायचं इसरायचं."

"व्हय, तसंच," मी म्हणाले. याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

त्या प्रथिनाच्या खाचेत अडकून बसणारा आणि त्याला खुणेपर्यंत पोचूच न देणारा औषधाचा एक रेणू सरांनी बनवला होता. बाटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी त्यानं मरतात का, हे बघणं माझं काम. संध्याकाळी दारात चप्पल काढेपर्यंत आईचा प्रश्न यायचा, "मेल्या का गं?" शेजारणीची चौकशी करावी तसा नाही, दुष्मनाची करावी तसा.

पाण्याचे हाल होते. शेतांवर नव्या कॉलन्या उठत होत्या, पाईपलाईन मात्र जुनीच, आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा धार यायची. आईला केमोनंतर उलट्या व्हायच्या, चादरी धुवायला पाणी लागायचं. प्रयोगशाळेत शुद्ध पाणी काढायचं यंत्र होतं. थोडंसं शुद्ध पाणी काढायला ढीगभर साधं पाणी त्याच्या नळीतून फिरायचं आणि कोमट होऊन गटारात जायचं. ते जाणारं पाणी मी एका कॅनमध्ये धरायचे आणि स्कूटीवर घरी न्यायचे.

एके दिवशी सरांनी पाहिलं. "संस्थेचं पाणी चोरून नेतेस?" मी म्हटलं, सर, गटारात जातंय, आणि घरी आई आजारी आहे. ते म्हणाले, "ओत. इथंच, सगळ्यांसमोर."

मी ओतलं. पाणी फरशीवरून मोरीकडं निघालं आणि सगळे जण आपापले पाय उचलून बघत राहिले. त्याच क्षणी मी ठरवलं की हे यांच्याकडून फेडून घ्यायचं.

सरांनी मला धडा म्हणून यंत्रच बंद केलं. पेशींचं खाद्य कालवायला यंत्राच्या शुद्ध पाण्याऐवजी शहागंजच्या बाजारातून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी येऊ लागलं. वर हुकूम निघाला, "बिनऔषधाच्या बाटल्या लावून पाणी घालवू नका. मागच्या वर्षीच्या नोंदी आहेत, त्याच वापरा." प्रत्येक प्रयोगात एक बाटली औषधाची आणि शेजारी एक बिनऔषधाची लावतात. बिनऔषधाच्या बाटलीतल्या पेशीही मेल्या तर मारण्याचं श्रेय औषधाला देता येत नाही. हे बीएस्सीच्या पोरालाही कळतं.

आणि पेशी भराभर मरायला लागल्या. सरांनी पेढे वाटले. आई त्या दिवसांत दोन घास जास्त खायची, शेजारणीला सांगायची, "माझ्या पोरीचं औषध आलंय."

मला मात्र शंका येत होती. मी मागच्या फळीवर बॅटरीच्या पाण्यातली एक बिनऔषधाची बाटली लपवून लावली. तिच्यातल्या पेशीही मेल्या. मग दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून चांगलं पाणी आणलं आणि त्यात पेशींना सरांचं औषध घातलं. पेशी मजेत वाढल्या. म्हणजे मारत होतं ते पाणी.

सरांना एकट्यात सांगितलं असतं तर त्यांनी ते गुपचूप निस्तरलं असतं. मला तसं नको होतं. सर हे निकाल परिषदेत मांडणार होते, मी त्या दिवसाची वाट पाहिली.

सभागृह भरलं होतं, पुण्या-मुंबईचे पाहुणे पुढच्या रांगेत होते. सरांनी आलेख दाखवला, टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"सर, या बाटल्यांसोबत बिनऔषधाची बाटली लावली होती का?"

"मागच्या वर्षीची आहे."

"मागच्या वर्षी पाणी आपल्या यंत्राचं होतं, या वर्षी बॅटरीचं आहे. त्यात बिनऔषधाच्या पेशीही मरतात. फोटो आणलेत."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी चष्मा काढून विचारलं, "कसलं पाणी म्हणालात?" मी मोठ्यांदा परत सांगितलं. सरांनी समोरचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

घरी येऊन सगळं आईला सांगितलं. ती उठून बसली. "तोंड कसं झालतं त्याचं? परत करून दाव." मी करून दाखवलं. ती पोट धरून हसली, मलाही हसू आवरेना. हसता हसता ती थांबली.

"मंग त्या मेल्या कशानं?"

"पाण्यानं, आई."

"औषधानं नाय?"

"नाय."

ती गोधडीची कड बोटांनी सरळ करत राहिली. मग म्हणाली, "केलंस ते लई झ्याक केलंस. पर मी गेल्यावर त्याला इचारायचं व्हतं गं."

दुसऱ्या दिवशी मी दारात चप्पल काढली तेव्हा तिनं काही विचारलं नाही, पुढंही कधी नाही. सरांना मी पाण्याचं एक वेळ माफ करीन, तिचा तो प्रश्न बंद पडला याचं करणार नाही.