पंख्यावरचा हार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पॅकिंग मशीन चालता चालता थांबलं. मोटरचा वेग सांभाळणारा सर्व्हो ड्राइव्ह तापून बंद पडला होता. ड्राइव्ह निवडताना कारखान्यातल्या उष्णतेचा हिशेब मीच केला होता. ड्राइव्हच्या पॅनेलला थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी साफ करायचा वारही मीच ठरवला होता. आणि काल पूजेच्या उत्साहात त्याच जाळीवर झेंडूचा भरघोस हार मीच बांधला होता.

"साहेब, देवाचाच श्वास कोंडला की!" ऑपरेटर शिंदेमामा म्हणाले. सगळे हसले.

हार सोडवताना मला आई आठवली. ती रोज भाजी आणायला जायची. पंच्याहत्तरीला आम्ही तिला शाल पांघरली, आरामखुर्ची आणली आणि बजावलं, "आता तू काही करायचं नाहीस." तेव्हापासून ती खिडकीशी गप्प बसते. काल म्हणाली, "अरे, कोथिंबीर तरी आणू दे मला." मी हसून तिची पिशवी उंच खुंटीवर टांगली.

जाळी मोकळी होताच पंख्याने जोरात हवा ओढली. मी हार हातात धरून उभा राहिलो. संध्याकाळी ती पिशवी खाली काढायची होती, आणि आईच्या नजरेला नजर कशी द्यावी ते कळत नव्हतं.